माझ्या पायाखालचा दुसरा ब्रेक

३ मार्च, सोमवार

पहिल्या समुपदेशक बाईंना आज नारळ दिला. म्हणजे काय, पुढची वेळ घेतलीच नाही. "बरं वाटतंय आता," असं लिहून पाठवलं आणि फोन उलटा ठेवला. खोटारडी!

चार वेळा बोलले त्यांच्याशी, फोनच्या पडद्यावर. आवाज असा, की मधाची बाटली कलंडलीय. मी म्हणायचे, स्टिअरिंग धरलं की हात बधिर होतात. त्या म्हणायच्या, "हंऽ... आणि तेव्हा तुम्हाला कसं वाटतं?" कसं वाटणार! बधिर वाटतं! समुपदेशकांच्या ऑनलाइन यादीत त्यांच्या फोटोपुढे सीबीटी लिहिलेलं होतं. विचार आणि वागणं दोन्ही बदलायला शिकवतात, गृहपाठ देतात, असं वाचलं म्हणून तर त्यांना निवडलं. चार आठवड्यांत गृहपाठ एकच – "स्वतःशी प्रेमानं वागा." आणि दर वेळी वर हे, की "गाडीत बसून नका ना बोलू, एखाद्या शांत खोलीत बसा."

शांत खोली कुठून आणू? घरात नवरा दिवसभर टेबलावर इमारतींचे नकाशे काढत बसलेला, आणि भिंती अशा की पलीकडे शिंकलं तरी कळतं. त्याला यातलं काही माहीत नाही. म्हणून दुपारी दोन ते तीन, आमच्या ड्रायव्हिंग क्लासच्या मागच्या मोकळ्या मैदानात, शिकवायच्या गाडीत, काचा वर करून.

५ मार्च, बुधवार

लिहूनच टाकते. कुणाला सांगायची हिंमत नाही, निदान इथे तरी.

एकोणीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवते. आणि गेले आठ महिने मी स्वतः गाडी चालवलेली नाही.

जुलैत, आईकडून परत येताना. मोठा पूल, गाडीत मी एकटी. ना अपघात, ना काही. मधोमध आले आणि छाती धडधडायला लागली, बोटं बधिर, समोरचा रस्ता लांब लांब जायला लागला. वाटलं, संपलं! गाडी थांबवली – पुलाच्या मधोमध. मागे हॉर्नचा नुसता कालवा. शेवटी मागचा एक ट्रकवाला उतरून आला, मला बाजूला सरकायला सांगितलं आणि गाडी पुलाच्या पलीकडे कडेला लावून दिली. भला माणूस. जाताना टपावरच्या आमच्या क्लासच्या पाटीकडे बघून म्हणाला, "घाबरू नका ताई. नवीन नवीन असं होतंच. शिकवायला बरोबर कुणी नव्हतं का?"

त्याला काय सांगणार, की शिकवणारी मीच!

तेव्हापासून बाजूच्या सीटवर बसते. तिथे शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. तो पायाखाली असला की मी ठणठणीत. क्लासची गाडी रात्री माझ्याच दारात असते; पहिला शिकाऊ तिथे येऊन मला घेतो, शेवटचा तिथेच सोडतो. त्याला मी "रहदारीचा सराव" असं नाव दिलंय. मालक खूश, म्हणे वा, काय कल्पना!

७ मार्च, शुक्रवार

आईचा फोन. डोळ्यांचं ऑपरेशन वीस तारखेला ठरलं. मोतीबिंदू इतका पिकलाय की घरी येऊन तपासून गेलेले डॉक्टर म्हणाले, आता लांबवलं तर एका डोळ्याचं सांगता येणार नाही.

आई नदीपलीकडे राहते. चौथ्या मजल्यावर, एकटी. मुख्याध्यापिका होती, अजूनही आहे. ती कुणाकडे जात नाही. जुने विद्यार्थी, भाजीवाली, टेलर, सगळे तिच्याकडे वर चढून जातात. आम्ही त्याला आईचा दरबार म्हणतो. रुग्णालय आमच्या बाजूला. म्हणजे तिला पुलावरून आणायचं आणि पुलावरून परत न्यायचं.

"मी तुझ्याच गाडीतून येईन," म्हणाली. "भाड्याची गाडी नको. आणि जावई चालवणार असेल तर मुळीच नको, तो वळणावर बोलत बसतो. तू चालव. नाहीतर राहू दे ऑपरेशन."

"हो गं," म्हणाले. जीभ कशी वळते कोण जाणे.

१० मार्च, सोमवार

पुन्हा ती यादी. सगळे हसतायत आणि सगळ्यांच्या मागे कुंडी. एकच कुंडी फिरवतात की काय!

१३ मार्च, गुरुवार

दुसरे – गृहस्थ. यांचं नाव पाठ्यपुस्तक. आठव्या मिनिटाला मला काय झालंय ते सांगितलं, बाराव्या मिनिटाला पडद्यावर आलेख. चूक काही नसावं त्यात. पण मी मान हलवत होते आणि ते पुढचं पान उलटत होते. ट्रकवाल्याचं सांगायला लागले तर म्हणाले, "त्याकडे नंतर येऊ." आलेच नाहीत.

गृहपाठ मात्र दणदणीत दिला. "रविवारी एकट्यानं पूल ओलांडा. भीतीला सामोरं जाणं हाच उपाय."

पहिल्या दिवशी शिकाऊ माणसाला मी महामार्गावर सोडलं असतं तर मालकानं मला घरी बसवलं असतं. पण बोलले का मी? नाही. "हो सर" म्हणाले. वीस तारीख डोक्यावर.

१६ मार्च, रविवार

गल्लीच्या टोकापर्यंत. पूल राहिला लांब! गाडी तिथेच सोडून चालत घरी आले. "पेट्रोल संपलं" म्हणून नवऱ्याला सांगितलं. तो काही न बोलता जाऊन गाडी घेऊन आला.

१७ मार्च, सोमवार

आईनं वीस तारीख रद्द केली. "डॉक्टर सुट्टीवर जातायत." मला इतकं हायसं वाटलं की खुर्चीत बसूनच राहिले. आणि लगेच स्वतःची लाज वाटली. आईचा डोळा जातोय आणि मी सुटले म्हणून खूश!

पाठ्यपुस्तकाला कळवलं, नको. या वेळी "बरं वाटतंय" नाही लिहिलं. "तुमचा वेग मला झेपत नाही" असं लिहिलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं. शुभेच्छा दिल्या. उगाच घाबरत होते.

२१ मार्च, शुक्रवार

पोस्टमनकाका आज चाचणीत दुसऱ्यांदा नापास. त्रेसष्ट वर्षांचे, जन्मभर सायकलवर पत्रं वाटली. बायकोचे गुडघे गेलेत, तिला समुद्र दाखवायचाय म्हणून गाडी शिकतायत. परीक्षकानं शेऱ्यात लिहिलं – "ब्रेकला उशीर." मला म्हणाले, "मॅडम, तुमच्याबरोबर असताना गाडी कशी आपोआप थांबते. तिथे थांबेचना!"

मला घाम फुटला. का फुटला ते आत्ता नाही लिहीत.

२३ मार्च, रविवार

डोकं चालवलं. नवीन शिक्षक ठेवायचा तर मालक आधी त्याच्या बाजूला बसून एक फेरी मारतो. मी फोटोतली कुंडी बघून माणूस ठरवत होते! कागदावर प्रश्न काढले. तुम्ही याच भीतीवर काम केलंय का? पहिल्या महिन्यात नेमकं काय करू? माझ्यानं झालं नाही तर तुम्ही काय कराल? आणि तुमचं-माझं नाही जुळलं तर?

तीन जणांना पाठवले. एकाचं उत्तर नाही. एकीनं तिच्या लेखाचा दुवा पाठवला. तिसऱ्या बाईंनी चार प्रश्नांना चार ओळी लिहिल्या. शेवटची – "नाही जुळलं तर सांगा, मी दुसरं नाव सुचवेन. मला राग येत नाही. आला तर तो माझा प्रश्न."

२६ मार्च, बुधवार

तिसऱ्या बाई. कॅमेरा असा लावलेला की नुसतं कपाळ आणि चष्मा. हसत नाहीत. आवाज कोरडा, वाणसामानाची यादी वाचावी तसा. माझं तर मन खट्टू झालं. स्वतःच आधी सांगून टाकलं – "मी गाडीत बसलेय, माफ करा, घरी जागा नाही."

"उत्तमच की," म्हणाल्या. "कुठल्या सीटवर बसलाय?"

दोन महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं!

"बाजूच्या," म्हणाले. "पाय कुठेत?" मी खाली बघितलं. उजवा पाय ब्रेकवर. गाडी बंद, मैदान रिकामं, आणि मी ब्रेक दाबून बसलेली. सांगितलं तसं. त्या हसल्या नाहीत, काही लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "घाबरलेला माणूस तुमच्याकडे शिकायला आला तर पहिल्या दिवशी काय करता?"

वीस मिनिटं मीच बोलले. गाडी बंद ठेवून नुसतं बसवते. मग आरसे. मग इंजिन चालू, गाडी जागेवर. घाई करत नाही, पण रोज एक पाऊल पुढे नेतेच. "मग आपण तसंच करू," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ही पद्धत माझ्यापेक्षा जास्त येते. फक्त शिकाऊ कोण ते बदललंय."

मला रडूच आलं. बरं वाटून आलं. त्या थांबल्या, "हंऽ" नाही केलं.

गृहपाठ – दिवसभरात दुसरा ब्रेक किती वेळा दाबते ते मोजायचं. आणि त्यातला खरोखर किती वेळा लागत होता.

२८ मार्च, शुक्रवार

एकसष्ट. लागत होता – चार वेळा.

एकसष्ट!

२ एप्रिल, बुधवार

आकडे सांगितले. पोस्टमनकाकांचंही सांगितलं. काकांना ब्रेक मारता येत नाही असं नाही. त्यांचा पाय हलायच्या आत माझा पडतो. ते शिकणार कसे? एकोणीस वर्षांच्या नावलौकिकाच्या चिंध्या झाल्यासारखं वाटलं. बाई म्हणाल्या, "तो ब्रेक दाबला की तुम्हाला त्या क्षणी बरं वाटतं. आणि तो होता म्हणून वाचलो, असं मन शिकतं. दर दिवशी एकसष्ट वेळा शिकतं." मग म्हणाल्या, "नऊ महिन्यांत हे वाढलं असेल. त्याआधी तुमची माणसं पास होत होती ना?"

होत होती. सगळी होत होती!

आता वहीत तीन रकाने. काय होईल असं वाटतं, किती टक्के, आणि प्रत्यक्षात काय झालं. पहिली पायरी – चालवणाऱ्याच्या सीटवर, गाडी बंद, दहा मिनिटं. आणि दुसरी पायरी गाडीतली नाहीच. एका माणसाला सांगायचं.

४ एप्रिल, शुक्रवार

वाटतं – जीव गुदमरेल, उठून पळेन. ८० टक्के. झालं – तिसऱ्या मिनिटाला धडधड, सातव्याला कमी, नवव्याला जांभई. जांभई!

६ एप्रिल, रविवार

नवऱ्याला सांगितलं. सकाळी, तो पेन्सिलीला टोक करत होता. म्हणाले, मी गाडी चालवत नाही. जुलैपासून. भीती वाटते.

त्यानं पेन्सिल ठेवली. "त्या दिवशी टाकी अर्धी भरलेली होती," म्हणाला.

"मग विचारलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुला माझ्याबरोबर कुठे जायचंच नसतं हल्ली. कुठेही जाऊ म्हटलं की तुझं डोकं दुखायचं. म्हटलं, विचारलं आणि तू हो म्हणालीस तर?"

नऊ महिने तो हे घेऊन नकाशे काढत बसला होता! मी त्याच्या नकाशावरच रडले. एक अख्खा जिना पुसला गेला. "जाऊ दे," म्हणाला, "तो जिना तसाही अरुंदच होता."

१५ एप्रिल, मंगळवार

गाडी चालू करून मैदानात सहा फेऱ्या. गल्ली. बाजाराचा रस्ता, नवरा बाजूला. वळणावर बोलला नाही, याची नोंद व्हावी.

पण आज बाईंशी भांडले. पूल जवळ आलाय, म्हणून म्हटलं, पुलावर जाताना तुम्ही फोनवर राहा, नुसतं ऐकत. कोरडं ठक्क – "नाही." का? "एक तर गाडी चालवताना फोन नको, हे तुम्हीच शिकवता. दुसरं, मी फोनवर असले तर मी तुमचा दुसरा ब्रेक."

मी तणतणले. म्हटलं, तुम्हाला काय जातंय बोलायला, जरा मऊ बोललात तर बिघडेल का! "नाही बिघडणार," म्हणाल्या. "मऊपणात मी कमी पडते. तुम्ही सांगितलंत ते बरं झालं." आणि मग, जमेल तितक्या मऊ आवाजात, पुन्हा – "नाही."

हसूच फुटलं मला. ही बाई मला मानवली. कधी ठरलं कळलं नाही, पण ठरलं.

१७ एप्रिल, गुरुवार

आईनं दुसरी तारीखही रद्द केली. "रुग्णालयात रंगकाम चाललंय." रुग्णालयात फोन केला. कसलं रंगकाम? मी मूग गिळून गप्प बसले. थापा मारणाऱ्या मुलीनं आईची थाप कुठल्या तोंडानं पकडायची?

आठ मे ठरवून घेतली मीच. "मी येतेय, गाडी घेऊन," म्हणाले.

"बघू," म्हणाली.

२३ एप्रिल, बुधवार

आज ब्रेक – तीन वेळा. तिन्ही वेळा लागत होता. एकदा कुत्रा.

पाय मागे घेऊन बसते आता. पोस्टमनकाका दोन दिवस बावचळले, तिसऱ्या दिवशी स्वतः थांबवायला लागले. "मॅडम, गाडी जड झाली का हो?" "नाही काका, आता ती तुम्ही एकटे चालवताय."

२७ एप्रिल, रविवार

पूल. नवरा बाजूला, हात मांडीवर, तोंड बंद. वाटतं – मधोमध हात बधिर, गाडी थांबणार, ९५ टक्के. झालं – हात गार पडले. बधिर नाही झाले. मधोमध तो रस्ता पुन्हा लांब व्हायला लागला. म्हटलं, हो बाबा लांब, मी आहे इथे. मागून हॉर्न वाजला, माझं धाबं दणाणलं, पण तो दुसऱ्याच कुणाला होता.

पलीकडे उतरून दोघं कठड्याला टेकून उभे राहिलो. खाली पाणी. एवढंच होतं तिथे.

३० एप्रिल, बुधवार

पोस्टमनकाका पास! लायसन दाखवायला आले आणि हातात एक पाकीट दिलं. "जन्मभर दुसऱ्यांची पत्रं वाटली. हे माझं." घरी येऊन वाचलं. चार ओळी आहेत, इथे उतरवत नाही. माझ्याजवळच राहू देत.

४ मे, रविवार

पूल. एकटी. जाऊन-येऊन. रकाने भरायचे राहिले, आधी हे लिहायला धावत आले. जिवात जीव आला! आठ महिन्यांनी – नाही, दहा. दहा महिन्यांनी!

८ मे, गुरुवार

आईला आणलं, ऑपरेशन झालं, आईला पोचवलं. डोळा वाचला म्हणाले डॉक्टर, चांगला वाचला.

सकाळी साडेसातला तिच्या दारात. ती तयार होऊन बसलेली, पर्स मांडीवर, चेहरा पांढराफटक. "खरंच आलीस?" म्हणाली. जिना उतरायला आम्हाला वीस मिनिटं लागली. दर मजल्यावर थांबली, कठडा सोडेना. दिसत नाही नीट, म्हटलं साहजिक आहे. गाडीत बसल्यावर माझं मनगट धरलं, तळवा घामानं चिंब. ऑपरेशनची धास्ती. "आई, हात सोड, गियर बदलायचाय." सोडला, पण माझ्या ओढणीचं टोक धरून ठेवलं. पुलावर डोळे मिटून घेतले तिनं. मी मात्र उघडे ठेवले!

परत जाताना, एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या आईला मी सगळं सांगितलं. पूल, ट्रकवाला, मधाची बाटली, पाठ्यपुस्तक, कपाळ आणि चष्मा, एकसष्ट. बोलणी खायची तयारी ठेवली होती. तिनं फक्त विचारलं, "गाडीत बसून बोललेलं त्यांना चाललं?"

११ मे, रविवार

आईचा सकाळीच फोन. पट्टी निघाली, भिंतीवरच्या घड्याळातला सेकंदकाटा दिसतोय. मग म्हणाली, "तू गाडी चालवत नाहीस हे मला ऑगस्टातच कळलं होतं. माझ्या खिडकीतून बसथांबा दिसतो, आणि तेव्हा मला तेवढं दिसत होतं. गाडी सर्व्हिसिंगला, गाडी सर्व्हिसिंगला – दर वेळी बसमधून उतरायचीस."

"मग तू अट का घातलीस? तुझ्याच गाडीतून येईन म्हणून?"

"तू येऊ शकणार नाहीस म्हणूनच घातली. तू आली नाहीस की मला उतरावं लागणार नव्हतं." आवाज कधी नव्हे तो बारीक. "दोन वर्षं झाली गं, मी दाराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. जिना बघितला की पाय लटपटतात. तुम्ही दरबार म्हणायचात, मला ते सोयीचं पडलं."

माझी आई!

"त्या कपाळ-चष्म्याच्या बाईंचा नंबर दे," म्हणाली. "आणि आधी विचारून ठेव, जिन्यात बसून बोललं तर चालेल का."